शिट्टी न होता

कुकर काढू नका, मार्था फोनवर दोनदा म्हणाली.
आपलं नाताळचं जाड बुडाचं पातेलं घ्या
आणि तीन तास विसरून जा.
शिट्टीच नाही तर शिजलं कसं कळणार?
ती कुणाला तरी इंग्रजीत विचारून आली.
काट्यानं टोचून बघा. आपण होऊन सुटलं, की झालं.

ती गेलीय कॉर्कला, लेकीच्या बाळंतपणाला,
डिंकाचे लाडू आणि बाळंतशोपा घेऊन.
तिथली घरमालकीण, पंच्याहत्तरीची,
दर रविवारी एकच पातेलं चढवते म्हणे:
मांस, बटाटा, गाजर, कांदा.
हळदसुद्धा नाही हो,
अगदी आजाऱ्याचं जेवण.
मग जरा थांबून:
मी दोन वाट्या खाल्ल्या.

शनिवारी सकाळी शिवाजी मार्केट.
मुनाफकडे नाव घ्यायचं नसतं, मोठ्याचं म्हणायचं.
त्यानं मांडीचं दिलं, म्हशीचं, रीतसर, शिक्क्याचं.
तरी काळी पिशवी, तिच्यावर कालचा पेपर,
त्यावर कापडी पिशवी,
आणि सगळ्यात वर मेथीची जुडी.
मेथी या पदार्थात लागत नाही.

तिकडे, मार्था सांगत होती, पाकीट पारदर्शक असतं,
वर ठळक अक्षरात नाव, वजन, भाव.
ते मांडीवर घेऊन मी बसमधून आले,
कुणी बघितलंसुद्धा नाही.
एवढंच सांगायला तिनं त्या दिवशी
पहाटे उठून फोन केला होता.

अठ्ठावीस वर्षं खडकीला लेथवर काढली.
तुकडे इंचाचे केले, सव्वाचा एकही नाही.
पीठ लावून थोडे थोडे परतायचे,
गर्दी केली तर भाजत नाहीत,
नुसते घामेजतात.
काळी बिअर हवी होती. ती कुठली?
कदमांच्या कॅन्टीनच्या रमचं दीड टोपण
आणि एक कप कोरा चहा.
कसलासा पाला हवा होता,
कुंडीतल्या ओव्याची चार पानं टाकली.
घरमालकिणीला हे कळवणार नाही, मार्था म्हणाली.

पहिला तासभर काही घडतच नाही.
आपल्याकडे अन्न ओरडून सांगतं,
मोहरी तडतडते, तव्यावर पाणी चर्र करतं,
कुकर तर सगळ्या बिल्डिंगला बोलावतो.
हे आपलं मनातल्या मनात:
बुडुक.
आणि बऱ्याच वेळानं, जानेवारीच्या थंडीत,
पुन्हा बुडुक.
मसाल्याचा डबा तीनदा उघडला.
दोनदा तसाच मिटला.

दुसऱ्या तासाला वास जिना उतरला.
खिडकी लावली. मग म्हटलं, का लावू?
उघडली. मग अर्धी लावली.
कचरा ठेवायला बाहेर गेलो तर परचुरे,
दुधाची पिशवी घेऊन वर चाललेले.
थांबले.
काय शिजतंय, उबाळे?
बटाटा, म्हणालो.
खोटं नव्हतं. बटाटा जास्तच पडला होता.
वास बरा येतोय, म्हणाले,
दोन पायऱ्या चढले, आणि वळून:
जिरं नाही घातलंत वाटतं.

साडेआठला टोचलं. काटा लागलाच नाही हाताला,
जसा लोण्यात जातो तसा गेला.
इतकी वर्षं मी वस्तू मापात बसवल्या,
मऊ एकही केली नव्हती.
फोटो पाठवला.
लगेच उलट आलं: पातळ झालंय.
मागोमाग दुसरं: बटाटा छान कापलाय.

वाट्या दोन काढल्या होत्या.
दुसरी कुणाची ते ठरवलं नव्हतं.
वरच्या मजल्यावर परचुऱ्यांची खुर्ची सरकली,
बातम्या लागल्या.
दुसरीही मीच खाल्ली, पावाबरोबर,
ओट्यापाशी उभ्यानं.

मेथी तशीच पडलीय.
उद्या निवडायला हवी.